हिशेब दोघांना दिसला पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

पुणे जिल्ह्यात सुपे नावाचं गाव आहे. आज ते बारामती तालुक्यात येतं, दीडशे वर्षांपूर्वी भीमथडी तालुक्यात होतं. बाजारपेठेचं गाव, वाण्या-सावकारांची बरीच दुकानं. १२ मे १८७५ या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी तिथे जमले आणि दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं गेलं, काही ठिकाणी घरं पेटली. पण लोकांचा सगळा रोख होता तो सावकाराच्या वह्यांवर आणि कर्जाच्या खतांवर, म्हणजे लेखी करारांवर. ती हाती आली की भर रस्त्यात त्यांची होळी व्हायची. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यात गेलं, तीसहून अधिक गावांत पोचलं. ९५१ माणसं पकडली गेली. आणि तरीही त्या काळच्या सरकारी नोंदी सांगतात, की जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही.

राग कागदावर होता. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते याविषयी. कर्ज काही तेव्हा नवं नव्हतं. या शेतकऱ्यांचे बाप-आजे याच पेढ्यांवरून बियाण्याला, बैलाला, लग्नाला पैसे उचलत आले होते. मग त्याच घराण्यांच्या वह्या जाळाव्यात असं एका पिढीत काय घडलं?

थोडं मागे जाऊ. पेशवाईत कर्ज देणं जोखमीचं होतं, आणि ती जोखीम धनकोच्याही, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्याही, डोक्यावर असायची. थोरल्या बाजीरावांनी आपले गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाचं रडगाणं पुन्हा पुन्हा येतं. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून कपाळ झिजलं, अशा अर्थाचं त्यांचं एक वाक्य प्रसिद्धच आहे. माळव्या-बुंदेलखंडापर्यंत ज्याची घोडी दौडली, तो सावकारापुढे वाकत होता, कारण त्याला उद्याही पैसे लागणार होते. गावातही हेच चालायचं, लहान आकारात. सावकाराने कुळाला, म्हणजे कर्जदाराला, फार पिळलं तर पाटील मध्ये पडायचा, पंच बसायचे. जमीन लिलावात काढून स्वतःच्या नावावर करणं सोपं नव्हतं. शिवाय दामदुपटीची रीत होती: व्याज कितीही वर्षं चढलं, तरी मुद्दलाच्या वर जायचं नाही. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. अडलेल्याला तेव्हाही नाडलं जायचं. पण कर्ज देणाऱ्याला कर्ज घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं.

इंग्रजी अमलात ही गरज उरली नाही. रयतवारी आली, म्हणजे सरकार शेतसारा थेट शेतकऱ्याकडून घेऊ लागलं, आणि तो सारा रोख, ठरल्या तारखेला भरायचा झाला. पीक गेलं तरी सारा सुटेना, म्हणून सावकाराचं दार आलं. तालुक्याला कोर्ट आलं आणि तिथे खत दाखवलं की वसुलीचा हुकूमनामा मिळू लागला. पाटलाला विचारायचं कारण नाही, पंचांना बसवायचं कारण नाही. कोर्ट खतावरचा आकडा बघायचं, अंगठा बघायचं आणि निकाल द्यायचं.

त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस बंद झाला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस हवासा झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा सावकारामार्फत खेड्यापर्यंत झिरपला. कापूस लावतोस? घे पैसे. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पैसा जसा आला तसा आटला. नवं कर्ज मिळेना आणि जुन्याचा तगादा सुरू झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत सरकारने साऱ्याची फेरआकारणी केली, ती काही ठिकाणी दीडपट-दुप्पट.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. १८५९ मध्ये मुदतीचा एक कायदा झाला होता. कर्जाच्या खताला आयुष्य तीन वर्षांचं. उद्देश चांगला होता, वर्षानुवर्षं व्याज तुंबत जाऊ नये. व्यवहारात झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलवायचा, राहिलेलं व्याज मुद्दलात मिळवायचा आणि त्या नव्या आकड्याचं नवं खत करून घ्यायचा. पुन्हा तीन वर्षांनी तेच. आपल्याकडे गावात आजही ज्याला कर्ज 'नवं-जुनं करणं' म्हणतात, ते हेच. दरवेळी व्याजाचं मुद्दल होणार आणि त्यावर व्याज चढणार. मधल्या काळात कुळाने ज्वारी घातली, गूळ घातला, रोख दिली, त्याची पावती मिळायची नाही. वहीत काय लिहिलं ते कुळाला वाचता यायचं नाही. दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे एक प्रकरण आलं, त्यात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावलेलं होतं. दामदुपटीची रीत अशी मोडीत निघाली.

म्हणून सुप्याला वह्या जळाल्या. कर्ज घेतलं होतं हे त्या माणसांना ठाऊक होतं, ते कुणी नाकारत नव्हतं. पण वहीतला आकडा आणि आपण उचललेले पैसे यांचा मेळ कुणी घालून दाखवत नव्हतं. ज्या कागदाखाली आपला अंगठा आहे, तो आपल्याविरुद्ध काय बोलतो हे आपल्यालाच कळत नाही, याची ती चीड होती. पतव्यवहारातला विश्वास कुठे राहतो असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, दोघांना दिसणाऱ्या हिशेबात राहतो. धनको सज्जन असला तर चांगलंच, ऋणको प्रामाणिक असला तर उत्तमच. पण हिशेब एकाच्याच पेटीत बंद झाला, की सज्जनपणा आणि प्रामाणिकपणा दोन्ही फार काळ टिकत नाहीत.

याच मुलखातली एक आठवण इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. देहूला तुकोबांच्या घरी महाजनकी होती, लोकांकडे येणं होतं. दुष्काळानंतर त्यांनी खतपत्रं काढली, धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा हिस्सा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. सुप्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधीची ही गोष्ट. वारीला जाणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते, तिचा वैराग्याचा अर्थही माहीत असतो. मला त्यातला व्यवहारही तितकाच मोठा वाटतो. दुष्काळात कुळं पार बुडाली होती, त्यांच्याकडून ते पैसे येणारच नव्हते. येणार नाही हे ठाऊक असलेलं येणं वहीत ठेवलं, की त्याचा उपयोग एकच उरतो, माणसाला कायम मान खाली घालायला लावण्याचा. तुकोबांनी ते स्वतःच्या हाताने संपवलं. भावाच्या वाट्याला मात्र हात लावला नाही, हेही लक्षात घ्या.

सुप्याकडे परत येऊ. दंग्यांनंतर आयोग बसला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली कलमं वाचताना वाटतं, की कुणीतरी त्या जळक्या कागदांची राख चाळून हा कायदा लिहिला असावा. शेतकऱ्याचं खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच लिहायचं. दिलेल्या पैशाची पावती द्यायची, हिशेबाचा उतारा द्यायचा. कर्जापायी कैद बंद. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे न्यायाधीशाने खतावरचा आकडा प्रमाण मानायचा नाही, पहिला रुपया कधी दिला तिथपासून हिशेब उलगडून बघायचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

कायद्यातून पळवाट निघालीच. सावकार म्हणू लागला, गहाणखत केलं तर कोर्ट हिशेब विचारतं ना, मग गहाणच नको, सरळ खरेदीखत करून दे. पैसे फेडलेस की जमीन परत तुझ्या नावावर करीन, हे फक्त तोंडी. हा प्रकार तेव्हा सुरू झाला आणि, श्रोतेहो, तो आजही संपलेला नाही. दवाखान्यासाठी दोन लाख हवे आहेत, समोरचा म्हणतो, विश्वासासाठी म्हणून एक खरेदीखत करून ठेवू. ज्याच्या मनात परत करायचं आहे, त्याला खरेदीखत कशाला हवं? महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे. आणि सावकारीच्या व्यवहारातून कुणी जमीन अशी लिहून घेतली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झालं, तर जमीन मूळ मालकाला परत मिळू शकते. हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. तुमच्या ओळखीत असं कुणी अडकलं असेल तर त्याला हे सांगा.

सावकाराला पर्याय म्हणून १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. जर्मनीत रायफायझन यांनी खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या होत्या, त्यांचं वळण इथे घेतलं. त्यातली एक अट आज ऐकली तर अंगावर काटा येतो. गावच्या संस्थेतल्या सभासदांची जबाबदारी अमर्याद. म्हणजे संस्था बुडाली तर देणं फेडायला प्रत्येक सभासदाचं घरदार बांधील. ही अट क्रूर दिसते, पण तिच्यामागे एक जाण होती. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणाला कशासाठी पैसे हवेत, बैल खरंच घेतला की नाही, हे शेजाऱ्याला दिसतं. त्याचं बुडालं तर माझंही जाणार, म्हणून मी डोळे उघडे ठेवीन. शेजाऱ्याची नजर हेच तारण.

पुढची वाट सोपी नव्हती. पन्नास वर्षांनी, १९५४ मध्ये, ए. डी. गोरवाला यांच्या समितीचा ग्रामीण पतपुरवठ्याचा अहवाल आला. आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा निघाला साधारण ३ टक्के, आणि जवळजवळ ७० टक्के अजून सावकाराचाच. यानंतर सरकार भागीदार म्हणून आत आलं, जिल्हा बँका वाढल्या, सोसायट्या गावोगाव झाल्या. खूप भलं झालं, हे मी मनापासून म्हणतो. सोसायटीचं पीककर्ज नसतं तर पश्चिम महाराष्ट्रातला ऊस असा उभाच राहिला नसता. पण संस्था मोठी झाली, की शेजाऱ्याची नजर तितकी पोचत नाही, आणि तिची जागा चोख हिशेबाने घ्यावी लागते. तिथे आपण कमी पडलो. मार्चअखेरीला हातउसने आणून एक दिवस सोसायटीत भरायचे, लगेच वाढीव कर्ज उचलायचं आणि हातउसने परत करायचे. कागदावर वसुली शंभर टक्के. १८५९ नंतरचं ते नवं-जुनं, फक्त आता ते कर्जदार आणि संस्था मिळून करतात.

मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्याचं काम करतो. जाडजूड दप्तरं बघितली, संगणकातल्या खतावण्या बघितल्या. पण पतव्यवहार कसा असावा हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर, बचत गटाच्या बैठकीत. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका गोल बसलेल्या. मध्ये पत्र्याची पेटी, तिची किल्ली एकीकडे आणि वही दुसरीकडे. सचिव मुलगी बारावी झालेली. ती एकेकीचं नाव घेऊन मोठ्याने वाचत होती, बचत इतकी, कर्ज इतकं, मुद्दलात इतके भरले, व्याज इतकं, बाकी इतकी. सगळ्यांचं सगळ्यांसमोर. एका आजींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब गं पोरी. मागल्या महिन्यात मी दोनशे भरल्यात. तू शंभर वाचलंस." आजींना अक्षर येत नव्हतं. पण घरच्या कॅलेंडरवर दर शंभराला एक काडी, अशा त्यांच्या खुणा होत्या आणि ते पान त्यांनी कमरेच्या पिशवीतून बाहेर काढलं. शेजारच्या दोघी म्हणाल्या, "बरोबर आहे, आमच्यादेखत दिल्यात." मुलीने मागचं पान काढलं, चूक सापडली, दुरुस्ती केली, शेजारी सही केली आणि दुरुस्त केलेला आकडा पुन्हा मोठ्याने वाचला. कुणाला राग नाही, कुणाला लाज नाही. बैठक पुढे सरकली.

सुप्याच्या शेतकऱ्याला हेच मिळालं नव्हतं. "थांब, तू चुकीचं वाचलंस" असं म्हणण्याची जागा.

आता आजच्या दोन-तीन गोष्टी, ज्या मला माझ्या कामात रोज दिसतात.

पहिली, जामीनकीची. चुलतभाऊ येतो, मित्र येतो, "नुसती सही दे, बाकी माझं मी बघतो." चहा होतो, सही होते, फॉर्मवर काय लिहिलंय हे कुणी वाचत नाही. आपल्या समजुतीत जामीन म्हणजे चारित्र्याचा दाखला. कायद्यात तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराची मालमत्ता आधी विका आणि मगच माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. नोटीस दोघांना येते, पगारातून कपात जामीनदाराच्याही होते. मी अशी घरं बघितली आहेत, जिथे दोन भावांचं बोलणं या एका सहीने कायमचं तुटलं. नाही म्हणायला शिका असं मी सांगणार नाही. अडीनडीला एकमेकांच्या मागे उभं राहणं ही आपली रीत आहे आणि ती राहावी. पण ज्याच्यासाठी सही केली, त्याच्या कर्जाचा खातेउतारा दर तीन महिन्यांनी त्याच्याकडून मागून घ्या. तो तुमच्याही पैशाचा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट ठेवींची. बँकेत ठेव ठेवतो तेव्हा आपण स्वतःला गिऱ्हाईक समजतो. खरं तर तिथे आपण सावकार असतो आणि बँक ऋणको. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले. ठेवी अकरा हजार कोटींच्या वर, आणि पहिल्या दिवशी खातेदाराला काढता येणार होते फक्त १,००० रुपये. एका बांधकाम उद्योगसमूहाचं थकलेलं कर्ज दडवायला एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेल्याचा आरोप पुढे तपासात झाला. म्हणजे खोटी वही पुन्हा एकदा. या वेळी ती कर्ज घेणाऱ्यांना नव्हे, तर ज्यांनी विश्वासाने पैसे सोपवले, त्या निवृत्त शिक्षकांना, रिक्षावाल्यांना, गृहनिर्माण सोसायट्यांना दिसत नव्हती.

ठेव विमा १ जानेवारी १९६२ पासून आहे. त्याला निमित्त झालं १९६० मधल्या बँक बुडण्याचं. सुरुवातीला संरक्षण होतं १,५०० रुपयांचं, १९९३ मध्ये ते एक लाख झालं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद आहे. पण कान देऊन ऐका, हा विमा बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. गल्लीतल्या पतसंस्थेला तो नाही. पाटीवर 'सहकारी पतसंस्था' लिहिलं असेल, तर तिथल्या ठेवीला या विम्याचं संरक्षण नाही. अनेक पतसंस्था उत्तम चालतात, मी त्यांचे हिशेब बघितले आहेत. तरीही पाव टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून आयुष्याची सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि वार्षिक सभेला जा. तिथे अहवालाची पुस्तिका मिळते. नफा बघण्याआधी थकबाकीचं पान उघडा, एनपीए, म्हणजे वसूल न होणारी थकीत कर्जं, किती ते बघा, लेखापरीक्षकाने संस्थेला कोणता वर्ग दिला ते बघा. सभेत उभं राहून विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट मोबाइलवरच्या कर्जाची. सुप्याचं कुळ निदान सावकाराला चेहऱ्याने ओळखत होतं. इथे समोर चेहराच नाही. पाच मिनिटांत पैसे खात्यात, आणि प्रक्रिया शुल्क, विमा, दंड असं करत आकडा कुठून कुठे जातो ते कळत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासाठी नियम केले. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत. मुख्य तथ्यांचं एक पत्रक सही करण्याआधी द्यायला हवं, आणि त्यात सगळे आकार धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते लिहायला हवं. १ ऑक्टोबर २०२४ पासून असं पत्रक बँकांच्या आणि वित्त कंपन्यांच्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना लागू झालं आहे. तुमच्या भाषेत समजावून मागा, तसा नियम आहे. महिन्याला हप्ता किती एवढंच विचारून थांबू नका, एकूण परत किती करायचे ते विचारा. ज्या ॲपवर हे पत्रक दिसत नाही आणि कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोण ते लिहिलेलं नाही, तिथे पुढचं बटण दाबू नका.

आणि आपल्याविषयी जी वही दुसरीकडे लिहिली जाते, तीही बघता येते. देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीने वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. त्यात तुमच्या नावावरची सगळी कर्जं दिसतात, जामीन राहिलेलीही. फेडलेलं कर्ज अजून थकीत दिसत असेल किंवा कधीच न घेतलेलं कर्ज नावावर असेल, तर तिथेच तक्रार नोंदवता येते. या आठवड्यात घरातल्या एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, संकेतस्थळ उघडा आणि आपला अहवाल ओळीओळीने वाचून घ्या. चूक दिसली तर त्या कॅलेंडरवाल्या आजींसारखं तिथल्या तिथे म्हणा, की हे बरोबर नाही.

नमस्कार.